तीन ऋतूंचे कापगते वकील

बाहेरगावचा कोणी बालाघाटच्या कोर्टात कापगते वकिलांची चौकशी करायला आला, की फाटकाजवळ टेबल मांडून बसलेला नोटरी उलट विचारायचा, "कोणते? जमीनवाले की पाणीवाले?" आलेला माणूस गोंधळून जायचा. खरं तर कापगते एकच होते. पहिली पंधरा-सोळा वर्षं त्यांनी वाटणीचे, फेरफाराचे, बांधाच्या भांडणाचे दावे चालवले. मग एकाएकी ते सगळं इतरांना देऊन टाकलं आणि नाल्यांच्या, विहिरींच्या मागे लागले.

का लागले, ते स्वतःच सांगायचे. लांजीकडच्या दोन भावांचा एका विहिरीवरून दावा होता. कापगते धाकट्याचे वकील. नऊ वर्षं दावा चालला आणि विहीर धाकट्याला मिळाली. पंधरा दिवसांनी तो तांब्याभर पाणी घेऊन कापगत्यांच्या घरी आला, तांब्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "वकीलसाब, तुम्ही जिंकून देलेली विहीर प्या." पाण्याला तेलकट तवंग होता. शेजारच्या एका गोदामातली कसली तरी घाण आठ वर्षं त्या विहिरीत मुरत होती आणि इकडे कोर्टात ती कोणाची, यावर साक्षी चालल्या होत्या. हे मला सांगून कापगते मोठ्यानं हसायचे. "नऊ वर्षात म्या एक डाव बी तिथं जाऊन पाह्यलं नाही, ताई. सगळं नकाशावर लढलो."

तेव्हापासून "आधी जाऊन पाहू ना" हे त्यांच्या तोंडी बसलं. कोणी काहीही तक्रार घेऊन आलं की पहिलं वाक्य तेच. काळा कोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्कूटरच्या हुकाला लटकवायचा, पँटच्या घड्या गुडघ्यापर्यंत घालायच्या आणि निघायचं. खिशात भाजलेले चणे असायचे. नाल्याकाठी पोचले की माणसांशी बोलण्याआधी ते बूट काढून पाण्यात उतरत, दोन-चार पावलं चालत, तळाचा गाळ बोटांनी चोळून पाहत. तोवर काठावर उभी असलेली मंडळी गप्प. वर आले की चणे वाटत आणि मग विचारत, "हां, आता सांगा."

मी सरकारी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. आमची ओळख अशाच एका बाटलीमुळे झाली. एका दुपारी हा उंच, सावळा, घामेजलेला माणूस प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. हातात थंड पेयाची जुनी बाटली, तिच्यात गढूळ पाणी. म्हणाला, यात मँगनीज आहे का एवढं सांगता का. मी म्हटलं, अशा बाटलीत आणलेल्या पाण्याला काही अर्थ नाही. बाटली आम्लानं धुवावी लागते, नमुना घेतल्या घेतल्या त्यात दोन थेंब आम्ल टाकावं लागतं, जागा नि वेळ लिहावी लागते. मला वाटलं, माणूस कंटाळून जाईल. त्यांनी खिशातून एका जुन्या दाव्याची पाठकोरी प्रत काढली आणि माझा एकेक शब्द लिहून घेतला. आठवड्यानं परत आले ते सहा धुतलेल्या बाटल्या घेऊन, प्रत्येकीवर चिठ्ठी डकवलेली.

मँगनीज तपासताना, पाण्यात ते जास्त असलं तर शेवटी जांभळा रंग चढतो. त्या सहांपैकी चार बाटल्यांचं पाणी जांभळं झालं. कापगते कितीतरी वेळ खिडकीपाशी ती चंचुपात्रं उजेडात धरून पाहत राहिले. "हेच लोकं पेऊन राह्यले?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

पाणी जामटोल्याचं होतं. वारासिवनीच्या रस्त्यावरून आत गेलं की लागणारं ते गाव. गावाच्या वरच्या अंगाला मँगनीज धुण्याचा एक खासगी कारखाना निघाला होता आणि त्याचं काळं पाणी नाल्यात यायचं. नाल्याच्या काठच्या विहिरींतून तेच झिरपायचं. कापगत्यांकडे ही तक्रार आणली ती शेवंताबाई नावाच्या बाईनं. पन्नाशीची, एकटी, धानाचं थोडं शेत आणि एक विहीर असलेली. तिचं म्हणणं सोपं होतं. भात शिजवला की काळा पडतो, आणि पाहुण्यांसमोर वाढायची लाज वाटते.

कापगत्यांनी दावा लगेच टाकला नाही. त्यांचा नियम होता, नाला तिन्ही ऋतूंत पाहिल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही. "पावसाळ्यात सगळेच नाले साधू दिसते," असं ते म्हणायचे. पाऊस पाणी पातळ करतो, दोष लपवतो. हिवाळ्यात थोडं कळतं. खरं कळतं ते मे महिन्यात, जेव्हा नाल्यात वरून येतं ते फक्त कारखान्याचंच पाणी असतं. म्हणून एक अख्खं वर्ष ते महिन्यातून एकदा जामटोल्याला गेले आणि महिन्यातून एकदा माझ्या टेबलावर बाटल्या आल्या. मी एक वेगळी वही घातली. ती वही पुढे आठ वर्षं चालली.

दुसरी एक पद्धत होती त्यांची, ती मी एकदा त्यांच्याबरोबर गावात गेले तेव्हा पाहिली. अर्ज हिंदीत असायचा. तो ते गावकऱ्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांगत आणि मग शाईची डबी स्वतःकडे ठेवून म्हणत, "आता तुम्ही मले सांगा, म्या काय लिहिलं." ज्याला सांगता येईल त्याचाच अंगठा. त्या दिवशी एका म्हाताऱ्याला तीन वेळा सांगूनही जमेना. बाकीचे चुळबुळ करायला लागले, साहेब घ्या ना त्याचा अंगठा, आम्ही आहोत ना सोबत. कापगते हलले नाहीत. चौथ्यांदा सांगितलं. म्हाताऱ्यानं शेवटी बरोबर सांगितलं आणि अंगठा उठवताना त्याची छाती फुगली होती. परतताना ते म्हणाले, "ज्याले कागद समजला नाही त्याचा अंगठा घेणं म्हणजे चोरी हाय, ताई."

खटला भोपाळच्या कोर्टात, पर्यावरणाचे दावे चालतात तिथे. तिथून पाहणीसाठी एक अधिकारी आले, तो दिवस जामटोल्यात अजून सांगतात. कारखान्याला आधीच सुगावा लागला होता. तीन दिवस त्यांनी पाणी सोडणंच बंद केलं. नाला काचेसारखा स्वच्छ. अधिकारी घड्याळ पाहायला लागले. कापगत्यांनी शेवंताबाईच्या शेजाऱ्याची म्हैस मागवली. म्हैस नाल्यावरच्या पुलाच्या वरच्या बाजूला पाण्यात उतरली, प्यायली, बसली. तिला उठवून पुलाखाली नेलं, तर ती नाक फेंदारून उभी. ओढलं तरी पुढे पाय टाकीना. कापगते अधिकाऱ्यांना अदबीनं म्हणाले, साहेब, हिला आम्ही काही शिकवलेलं नाही. अधिकारी हसले, पण मग पँट वर करून स्वतः पुलाखाली उतरले. पळसाच्या पानांच्या ढिगाखाली त्यांना पाइपाचं तोंड सापडलं. कडेचा गाळ हाताला काळा लागला.

त्या अहवालानंतर कारखान्याचे लोक हात धुऊन मागे लागले. माझ्या प्राचार्यांकडे तक्रार गेली, की सरकारी प्रयोगशाळेत खासगी कामं चालतात. मला बोलावणं आलं. मी आत जाऊन पाहते तर कापगते आधीच खुर्चीत बसलेले. मला न सांगता आले होते. प्राचार्यांना म्हणाले, या बाईंना मी भरीला घातलं, लेखी द्यायचं असेल तर मी देतो. तासभर बसून त्यांनी प्राचार्यांकडूनच परवानगीचं पत्र लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मी आभार मानले, तर चणे पुढे करून म्हणाले, "तुमची वही बंद पडली तर माह्या हाती काय राह्यते?"

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला तो असा, एका दिवसात नव्हे. म्हणून तो मेचा नमुनाही मी घेतला.

चौथ्या की पाचव्या वर्षी मे महिन्यातला नमुना काही केल्या येईना. त्यांची स्कूटर बिघडली होती, मग लग्नसराई, मग भोपाळची पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख. शेवटी महिना संपता संपता एका सकाळी ते कॉलेजच्या फाटकापाशी बाटल्या घेऊन उभे. नमुना आदल्या दिवशीचा होता. परतताना उशीर झाला, प्रयोगशाळेला कुलूप लागलेलं, म्हणून बाटल्या रात्रभर त्यांच्या घरी राहिल्या. आम्लही टाकायचं राहून गेलं होतं. मी म्हटलं, हा नमुना नाही चालणार, पुन्हा आणा. ते म्हणाले, ढग भरून आलेत, दोन दिवसांत पाणी पडेल, यंदाचा उन्हाळा हातचा जाईल. मग म्हणाले, "नमुना तुमच्याकडं आल्याची तारीख कालची टाका, ताई. तुम्हाले नि मलेच तर माहीत."

मला रसायनशास्त्र येत होतं. आम्ल न टाकता ठेवलं तर मँगनीज तळाशी बसतं आणि आकडा कमीच येतो, जास्त येत नाही. म्हणजे खोट्याचा फायदा आपल्याला नव्हताच, असं मी स्वतःला सांगितलं. कालची तारीख टाकली. त्या वर्षीचा आकडा तरीही सगळ्यांत मोठा आला. आठ वर्षांच्या वहीत तेवढी एकच ओळ मी खोटी लिहिली.

आठव्या वर्षी हिवाळ्यात शेवंताबाई माझ्या घरी आली. हातात भोपाळहून आलेला कागद. तिला वाटलं निकाल लागला. वाचून दाखवा म्हणाली. मी वाचायला लागले आणि दुसऱ्या पानावर थांबले. खटला निकाली निघाला होता, पण अर्जदारांच्याच विनंतीवरून. अर्जदारांची आता कसलीही तक्रार उरलेली नाही, गावाला कारखान्यानं नळ दिला आहे आणि नाल्याचं पाणी ठीक आहे, असं त्यात लिहिलं होतं. पाणी ठीक असल्याचा पुरावा म्हणून चार तक्ते जोडले होते. तक्ते माझ्या वहीतले होते. जुलै, ऑगस्ट, जुलै, ऑगस्ट. खाली माझी सही.

मी शेवंताबाईला विचारलं, या अर्जावर तुमचे अंगठे आहेत, वकिलांनी वाचून दाखवलं नव्हतं का. ती म्हणाली, "नाही जी. नळाचा कागद हाय म्हणे. म्या म्हटलं सांगू का काय लिहिलं तं, तं म्हणे राहू दे शेवंताबाई, आता आपली किती वर्साची ओळख." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिनं विचारलं, "काहून? काही दुसरंच हाय का त्यात?"

मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. कागद घडी करून पदरात बांधला आणि पुढच्या बसनं निघून गेली.

मी संध्याकाळी कापगत्यांकडे गेले. ते व्हरांड्यात बसले होते. मी का आले, हे त्यांना विचारावं लागलं नाही. खुर्ची ओढून दिली, आत चहा सांगितला. मी उभीच राहिले. म्हटलं, त्या तक्त्यांवर माझी सही आहे.

"आकडा एक बी बदलला नाही म्या," ते म्हणाले.

"पावसाळ्याचेच का लावलेत?"

 त्यांनी सांगायला सुरुवात केली. साठी उलटली. भोपाळच्या गाडीत बसून कंबर गेली. आठ वर्षांत एकदाही असं वाटलं नाही, की आता पुढच्या पेशीला संपेल. कारखाना वरच्या कोर्टात जाणार, तिथं आणखी दहा वर्षं. तोवर शेवंताबाई तरी राहील का? त्यापेक्षा नळ बरा. निदान आज पाणी भेटलं. हे सगळं ते शांतपणे, पटेल असं बोलत होते, आणि थोडं मला पटतही होतं. पण मी एवढंच विचारलं, की मला आधी का नाही सांगितलं. गावाला का नाही सांगितलं.

"सांगितलं असतं तं तुम्ही नाही म्हटल्या असत्या," ते म्हणाले.

चहा आला तेव्हा मी फाटकापर्यंत पोचले होते.

नळाला दिवाळीपर्यंत पाणी यायचं, मग धार बारीक होत जायची. मार्च लागला की नुसती हवा. त्या संध्याकाळनंतर तीन-चार महिन्यांनी नोटरीकडून कळलं, की कापगते त्याच कारखान्याचे कायदेशीर सल्लागार झाले आहेत. मला आधी खोटं वाटलं. मग एकदा मीच त्यांना कारखान्याच्या गाडीतून उतरताना पाहिलं. कोट अंगात होता, पिशवीत नव्हता. त्यांनी मला पाहिलं आणि नमस्कार केला, अगदी नेहमीसारखा. माझेही हात सवयीनं जोडले गेले. घरी येऊन मला त्याचाच राग आला.

शेवंताबाई स्वस्थ बसणारी नव्हती. वारासिवनीच्या एका वकीलबाईंना धरून तिनं इथंच, एसडीएमच्या, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात, नव्यानं अर्ज टाकला, की कारखान्याच्या पाण्यामुळे गावाला त्रास होतो, पाइप बंद करा. यावेळी अर्ज वकीलबाईंनी वाचून दाखवला आणि शेवंताबाईनं न सांगता सगळा परत म्हणून दाखवला. पुराव्याला माझी वही, तिन्ही ऋतूंची, आणि साक्षीला मी. तोवर मी निवृत्त झाले होते. माझं आता कोणी काही बिघडवू शकत नव्हतं, असा माझा समज होता.

साक्षीच्या दिवशी कारखान्याकडून जबलपूरचे एक वकील आले होते. तरुण, चुणचुणीत. कापगते स्वतः उभे राहू शकत नव्हते. एकदा गावाचा वकील असलेल्या माणसाला त्याच भांडणात समोरच्या बाजूनं उभं राहता येत नाही. ते मागच्या बाकावर बसले होते. मला वाटलं, निदान एवढी लाज त्यांनी राखली आहे.

जबलपूरच्या वकिलांनी अर्धा तास साधेच प्रश्न विचारले. शिक्षण काय, यंत्र कोणतं, बाटल्या कोण धुवायचं. मी उत्तरं देत होते.  तेवढ्यात मागून एक चिठ्ठी पुढे आली. पाठकोऱ्या कागदाची. वकिलांनी ती वाचली, वहीचं पान उलटलं, आणि हिंदीत विचारलं, की अमुक वर्षीचा मे महिन्यातला हा नमुना तुमच्याकडे वहीत लिहिलेल्या तारखेलाच आला होता, की दुसऱ्या दिवशी? आदल्या रात्री तो कुठे होता?

मला प्रश्न समजला, तरी तो कुठून आला हे समजायला एक क्षण लागला. जगात दोनच माणसांना ते माहीत होतं. मी मागे पाहिलं. कापगते खिडकीबाहेर पाहत होते.

एसडीएम साहेबांनी मला उत्तर द्यायला सांगितलं. हो, त्याच दिवशी आला होता, एवढं म्हटलं असतं तर प्रश्न तिथेच संपत होता. कोणी सिद्ध करू शकलं नसतं; सिद्ध करायचं तर कापगत्यांनाच उभं राहून सांगावं लागलं असतं, की बाटल्या माझ्या घरी होत्या आणि खोटी तारीख मीच टाकायला लावली. तसं ते कधीही करणार नव्हते. त्यांचा भरवसा एकाच गोष्टीवर होता, की मी खोटं बोलणार नाही. इतक्या वर्षांत त्यांना माझी जी पारख झाली होती, ती त्यांनी अशी वापरली.

मी खरं सांगितलं. नमुना दुसऱ्या दिवशी आला, तारीख मी चुकीची लिहिली. कोणाच्या सांगण्यावरून, असं आमच्या वकीलबाईंनी मग विचारलं, तेव्हा मी त्यांचं नाव घेतलं. साहेबांनी वर पाहिलं. मागच्या बाकावर कोणी नव्हतं.

प्रकरण तसं पूर्ण बुडालं नाही. साहेबांनी ते अख्खं वर्ष बाजूला काढलं. बाकीच्या उन्हाळ्यांचे आकडे धरले आणि स्वतः जाऊन पाइप पाहून आले. पाइप बंद करण्याचा हुकूम निघाला. कारखाना वरच्या कोर्टात गेला आहे, तारखा पडताहेत. या मेमध्ये पाइपातून काही आलं नाही, असं शेवंताबाईनं फोनवर सांगितलं. पण विहिरीचं पाणी अजून तसंच आहे, गाळ निघायला वर्षं जातील. पहिल्या खटल्यात आम्ही उन्हाळा लावून धरला असता तर हे केव्हाच झालं असतं का, ते मला सांगता येत नाही. वकीलबाई म्हणतात, झालं असतं.

साक्ष संपवून त्या दिवशी मी आणि शेवंताबाई कलेक्टर कचेरीच्या आवारात आलो. मला बसावंसं वाटत होतं. तिनं माझा दंड धरला होता. ती एकदाच म्हणाली, "तुम्ही काहून सांगितलं जी खरं?" 

तेवढ्यात कारखान्याची गाडी समोरून आली. फाटकाशी सायकली, मोटरसायकली अडकल्या होत्या, त्यामुळे ती आमच्यापासून दोन हातांवर येऊन थांबली. मागच्या सीटवर कापगते एकटेच होते. काच खाली होती. मांडीवर फाईल उघडी, मान तिच्यात घातलेली. एक पान त्यांनी उलटलं, थोडं थांबून दुसरं उलटलं. शेवंताबाई त्यांच्याकडे एकटक पाहत होती. त्यांना ते कळत असणारच. वाट मोकळी व्हायला दोन-तीन मिनिटं लागली असतील. तेवढ्या वेळात त्यांनी आणखी चार पानं उलटली. मग गाडी हलली आणि निघून गेली.

चष्म्याशिवाय त्यांना एक अक्षर दिसत नसे, आणि चष्मा त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात होता.